खाऱ्या हवेतला ॲक्सेलरोमीटर: मोटरीचं कंपन मोजणारी डबी नीट समजून घेऊ

किनाऱ्यावरच्या कुठल्याही बर्फाच्या कारखान्यात जा, मोटरीच्या बेअरिंगवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून त्याची मूठ कानाला लावणारा एखादा जुना फिटर भेटतोच. त्याचा कान बहुतेक वेळा बरोबर सांगतो. पण गेल्या महिन्यात आवाज कसा होता आणि आज कसा आहे, हे फक्त त्याच्या डोक्यात असतं. तो रजेवर गेला की ती माहितीही रजेवर जाते. हेच काम आकड्यांत करून ठेवणारी वस्तू म्हणजे ॲक्सेलरोमीटर. स्टीलची एक छोटी डबी, मोटरीवर बोल्टने घट्ट बसवलेली, तिच्यातून एक केबल निघते आणि त्या केबलवर कंपनाच्या प्रमाणात हलणारा व्होल्टेज येतो.

ही डबी विकत घेताना सगळे आतल्या सेन्सरची चौकशी करतात. रेंज किती, सेन्सिटिव्हिटी किती, कंपनी कुठली. ते विचारायलाच हवं. पण रत्नागिरी, दापोली, मालवण या पट्ट्यात मोजमाप बिघडतं ते बहुतेक दोन ठिकाणी: बेअरिंगपासून सेन्सरपर्यंत कंपन नीट पोचत नाही, किंवा सेन्सरपासून पॅनलपर्यंत सिग्नल नीट पोचत नाही. म्हणून या लेखात सेन्सरवर थोडं आणि त्या दोन वाटांवर जास्त लिहिलं आहे.

आधी आत काय असतं ते पाहू. कुंभार्ली घाट उतरताना तुम्ही एसटीत दांडा धरून उभे आहात आणि ड्रायव्हरने ब्रेक मारला. गाडीचा वेग कमी होतो, तुमचं अंग पुढे जातं आणि दांडा धरलेला हात ताणला जातो. हात किती ताणला गेला यावरून ब्रेक किती जोराचा होता ते डोळे मिटूनही कळतं. सेन्सरमध्ये तुमच्या जागी एक वजन असतं आणि हाताच्या जागी स्प्रिंग. डबी हलली की वजन मागे राहू पाहतं, स्प्रिंग ताणली जाते आणि ताण किती पडला ते विजेने मोजलं जातं. एकक ‘जी’. एक जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण, दर सेकंदाला वेगात ९.८१ मीटर प्रतिसेकंदाचा बदल.

औद्योगिक वापरात याचे दोन प्रकार मुख्य आहेत. पहिला मेम्स. त्यात वजन आणि स्प्रिंग दोन्ही सिलिकॉनच्या चकतीतच कोरलेले असतात. वजनाला अतिशय बारीक दाते असतात, त्यांच्या समोर स्थिर दाते असतात. दात्यांमधलं अंतर बदललं की कपॅसिटन्स, म्हणजे त्यांच्यात विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलतो आणि चिपमधलं सर्किट त्याचा व्होल्टेज करून देतं. ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीची एडीएक्सएल १००२ ही चिप यातलं चांगलं उदाहरण. ५ व्होल्ट सप्लायवर ती शांत असताना साधारण २.५ व्होल्ट देते, प्रत्येक जीला ४० मिलिव्होल्ट वरखाली होते, रेंज अधिक-उणे ५० जी आणि ११ किलोहर्ट्झपर्यंतची, म्हणजे सेकंदाला ११,००० वेळांपर्यंतची, कंपनं तिला कळतात. विद्यार्थी प्रोजेक्टमध्ये वापरतात ती एडीएक्सएल ३३५ तीन दिशांत मोजते, पण तिची रेंज अधिक-उणे ३ जी आणि पल्ला फार तर १६०० हर्ट्झपर्यंत, तिसऱ्या दिशेत तर ५५० हर्ट्झच. ती शिकायला उत्तम आहे. कॉम्प्रेसरवर मात्र तिचा सिग्नल सहज टोकाला जाऊन कापला जाईल आणि बेअरिंगची बारीक टिकटिक तिला कळणारच नाही.

दुसरा प्रकार पिझोइलेक्ट्रिक. काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिलं. कारखान्यातल्या सेन्सरमध्ये अशा स्फटिकावर किंवा सिरॅमिकवर वजन आवळलेलं असतं, आणि त्याच डबीत एक छोटा ॲम्प्लिफायर असतो. या जोडीला आयईपीई म्हणतात. दोनच तारा. त्याच तारांवरून काही मिलिअँपिअरचा स्थिर करंट आत जातो आणि त्याच तारांवरून सिग्नल बाहेर येतो, बहुतेक वेळा प्रत्येक जीला १०० मिलिव्होल्ट.

दोघांत एक फरक कायम लक्षात ठेवावा असा आहे. मेम्स सेन्सरला स्थिर गुरुत्वाकर्षणही दिसतं, पिझोला दिसत नाही. त्यामुळे मेम्सची तपासणी टेबलावरच होते. मोजण्याची दिशा वर करून व्होल्टेज वाचा, मग खाली करून वाचा. दोन्हींत दोन जीचा फरक पडला पाहिजे, म्हणजे एडीएक्सएल १००२ साठी ८० मिलिव्होल्ट. ५ व्होल्टचा सप्लाय थोडा इकडेतिकडे असेल तर हा आकडाही त्याच प्रमाणात सरकतो, कारण चिपचं आउटपुट सप्लायवर टांगलेलं असतं. म्हणून व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरचा रेफरन्स, म्हणजे तो ज्याच्याशी तुलना करतो तो व्होल्टेज, त्याच सप्लायवरून घ्यावा. सप्लाय हलला तर दोन्ही बाजू सारख्याच हलतात आणि चूक आपोआप कटते.

एक जी म्हणजे किती हललं?

इथे नवख्या माणसाचा गोंधळ होतो, म्हणून जरा थांबू. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणात बसवलेल्या यंत्राने सुमारे ०.६३ जी इतकं कमाल त्वरण नोंदवलं. धरणाला तडे गेले, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. आणि तुमच्या पंपाच्या बेअरिंगवर एक जी दिसत असेल तरी पंप निवांत चालू असतो. हे कसं?

फरक फ्रिक्वेन्सीचा आहे. ०.५ जी त्वरण सेकंदाला दोनदा होणाऱ्या हालचालीत असेल, तर वस्तू मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना सुमारे ३१ मिलिमीटर सरकते. इमारतीला एवढं पुष्कळ झालं. तेच ०.५ जी २००० हर्ट्झला असेल तर वस्तू ३१ नॅनोमीटर हलते, म्हणजे दहा लाख पटीने कमी. डोळ्याला दिसणं सोडाच, हाताला जाणवणारही नाही. बेअरिंगमध्ये पहिला बारीक टवका उडाल्यावर जे होतं ते या दुसऱ्या प्रकारचं असतं. हालचाल नगण्य, त्वरण मोजता येण्याजोगं. बेअरिंग लवकर पकडायचं असेल तर त्वरणच का मोजावं, याचं कारण हेच.

मोटरीचा असमतोल, कपलिंगचा वाकडेपणा, ढिले फाउंडेशन बोल्ट यांचं मात्र उलट. ती कंपनं फिरण्याच्या गतीच्या आसपास असतात, तिथे त्वरण कमी आणि हालचाल जास्त. म्हणून आयएसओ १०८१६ आणि तिच्या जागी आलेल्या आयएसओ २०८१६ या मानकांत मर्यादा सेकंदाला मिलिमीटर या वेगात दिलेली असते. १५ ते ३०० किलोवॅटच्या, पक्क्या पायावर बसलेल्या यंत्राला २.८ च्या वर फार दिवस तसंच चालवू नये आणि ४.५ च्या वर नुकसानीचा धोका धरावा, असं ते ढोबळमानाने सांगतं. आता ४.५ मिलिमीटर प्रतिसेकंद हा वेग २५ हर्ट्झला, म्हणजे १५०० आरपीएमला, त्वरणात बदला. उत्तर येतं ०.०७२ जी. १०० मिलिव्होल्टच्या सेन्सरवर हे जेमतेम ७ मिलिव्होल्ट, ४० च्या मेम्सवर ३ मिलिव्होल्टसुद्धा नाहीत.

म्हणजे जिथे यंत्र धोक्याच्या रेषेवर आहे, तिथेही केबलवर तीन ते सात मिलिव्होल्ट आहेत. शेजारून ४१५ व्होल्टची केबल जाते आहे. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

पहिली वाट: बेअरिंगपासून डबीपर्यंत

सेन्सर बसवायची सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे मोटरीच्या बेअरिंग हाउसिंगवर सपाट जागा घासून, भोक पाडून, आटे मारून स्टडने घट्ट करणं. मधे सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर. अशाने सेन्सरची सगळी वरची फ्रिक्वेन्सी वापरता येते. चांगल्या इपॉक्सीने चिकटवलेली चकतीही जवळपास तेवढंच काम करते. मॅग्नेटवर बसवला तर साधारण दोन किलोहर्ट्झच्या पुढे भरवसा कमी होतो. हातात धरून टोक टेकवलं तर त्याच्याही खूप आधी.

इथे आपल्याकडची खास अडचण म्हणजे रंग आणि गंज. किनाऱ्यावरच्या मोटरीला दरवर्षी रंगाचा हात बसतो, आतला गंज न खरवडता. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या रंगाखाली पापुद्रे सुटलेले असतात. त्यावर मॅग्नेट ठेवला की तो आपल्याच तालावर नाचतो आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन आहे ते दाखवणाऱ्या आलेखात भलत्याच ठिकाणी उंच शिखर दिसतं. मग बेअरिंग चांगलं असताना बदललं जातं. ती जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, सेन्सर बसवा आणि मगच कडेने रंग लावा.

जागा निवडतानाही फार मागेपुढे होतं. फॅनच्या बाजूला पत्र्याचं कव्हर असतं, सोयीचं असतं, सेन्सर तिथेच लावला जातो. पत्रा स्वतः थरथरतो, बेअरिंगची बातमी तिथपर्यंत येत नाही. सेन्सर आणि बेअरिंग यांच्यात फक्त ओतीव लोखंड असलं पाहिजे, आणि जितके जोड कमी तितकं चांगलं.

आणखी एक. मेम्स चिप १०,००० जीचा धक्का सोसते असं डेटाशीटवर लिहिलेलं असतं. आकडा मोठा वाटतो, पण फरशीवर पडलेली स्टीलची डबी एका क्षणासाठी हजारो जी सहज अनुभवते. पडलेला सेन्सर पुन्हा लावण्याआधी टेबलावर उलटसुलट करून तपासा. पिझो असेल तर चांगल्या सेन्सरशेजारी एकाच जागी लावून दोन्ही आकडे ताडून पाहा.

दुसरी वाट: डबीपासून पॅनलपर्यंत

डबीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवली तर पाणी आत जाऊन नुकसान होणार नाही. तेही कनेक्टर पूर्ण घट्ट लावलेला असताना. मिठाबद्दल, वर्षांबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही.

खाऱ्या हवेत खरं काय होतं ते बघा. मोटर दिवसभर चालते, डबी गरम होते, आतली हवा फुगून ग्लँडच्या, म्हणजे केबल आत शिरते तिथल्या सीलच्या, फटीतून थोडी बाहेर जाते. संध्याकाळी लाइट गेली, मोटर थंड झाली, आतली हवा आकसली. आता त्याच फटीतून बाहेरची दमट, खारट हवा आत ओढली जाते. हे रोज. काही महिन्यांनी कनेक्टर उघडला की पिनांवर हिरवट थर दिसतो आणि दोन पिनांमधल्या प्लास्टिकवर मिठाचा ओलसर पापुद्रा. त्या पापुद्र्यातून अगदी थोडा करंट गळू लागतो. सिग्नल काही मिलिव्होल्टचा असताना तेवढी गळतीही पुरे.

म्हणूनच किनाऱ्यावर स्टेनलेस ३१६एलची, वेल्डिंगने कायमची बंद केलेली डबी घ्यावी, आणि शक्य असेल तर केबल डबीतच पक्की बसवलेली. स्क्रूने बंद होणारी ॲल्युमिनियमची डबी स्वस्त पडते, पण लोखंडी हाउसिंगवर खारट ओलाव्यात ॲल्युमिनियम स्वतःच खाल्लं जातं. कनेक्टर लागणारच असेल तर त्याचं तोंड खाली ठेवा आणि कनेक्टरच्या आधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत येऊन झोलातूनच खाली पडेल. सेन्सरपासून वीतभर अंतरावर केबल क्लिपने बांधा. लोंबती केबल हलते, तिच्या आतले थर एकमेकांवर घासतात आणि नसलेलं कंपन सिग्नलमध्ये दिसू लागतं.

आयईपीई सेन्सरचा एक गुण मला फार आवडतो. तो आपली तब्येत स्वतः सांगतो. करंट चालू असताना दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. सेन्सर ठीक असेल तर साधारण ८ ते १२ व्होल्ट डीसी दिसतात. केबल तुटली असेल तर पूर्ण सप्लाय, म्हणजे २४ च्या आसपास. शॉर्ट असेल तर शून्य. आणि आकडा दर आठवड्याला थोडा थोडा खाली सरकत असेल तर कुठेतरी ओल शिरली आहे असं समजून कनेक्टर उघडा. दर सोमवारी हा एक आकडा वहीत लिहिला तरी पावसाळ्यातली निम्मी डोकेदुखी आधीच कळते. ४ ते २० मिलिअँपिअरच्या सेन्सरलाही असाच फायदा आहे. कंपन शून्य असलं तरी ४ मिलिअँपिअर आलेच पाहिजेत, त्याखाली गेलं की तार तुटली. मात्र तो सेन्सर एकूण पातळीचा एकच आकडा सावकाश पाठवतो, दोष कुठला आहे ते त्यावरून कळत नाही.

मग सगळं डिजिटलच का करू नये, असं कुणीही विचारेल. लहान मॉड्यूलवर वापरतात तो आयटूसी जोड मुळात एकाच बोर्डवरच्या चिपांसाठी आहे, वीस मीटर केबलसाठी तो केलेला नाही. शिवाय ॲनालॉग सिग्नलमध्ये सगळं कंपन जसंच्या तसं येतं, किती वेगाने नमुने घ्यायचे ते तुम्ही पॅनलच्या बाजूला ठरवता. त्यात जबाबदारीही आली. सेकंदाला १००० नमुने घेतलेत आणि कंपन ९८० हर्ट्झचं असलं, तर आलेखात ते २० हर्ट्झचं म्हणून दिसेल आणि एकदा दिसल्यावर सॉफ्टवेअरने ते काढता येत नाही. नमुने घेण्याआधीच फिल्टर हवा.

आता अर्थिंग. कातळावर कारखाना असेल तर चांगलं अर्थिंग मिळवायला किती त्रास होतो ते इथल्या प्रत्येक वायरमनला माहीत आहे. जांभ्यात अर्थपिट खणणं अवघड, आणि एप्रिल-मेमध्ये तो कोरडा पडला की रेझिस्टन्स वाढतो. मग मोटरीची बॉडी आणि पॅनलचं अर्थ यांच्यात थोडा व्होल्टेज राहतो. केबलची शील्ड दोन्ही टोकांना जोडली असेल तर त्या शील्डमधून ५० हर्ट्झचा करंट वाहतो आणि सिग्नलमध्ये मिसळतो. शील्ड फक्त पॅनलच्या बाजूला जोडा, तारा पीळ दिलेल्या घ्या, व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरीची गती बदलणाऱ्या ड्राइव्हच्या, केबलपासून लांबून न्या आणि ती ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

हा ५० हर्ट्झ एक वेगळाच घोळ घालतो. चार पोलची मोटर लोडवर १४८० आरपीएमने फिरते, म्हणजे २४.६७ हर्ट्झ. कपलिंग वाकडं असेल तर याच्या दुप्पट, ४९.३३ हर्ट्झला कंपन वाढतं. अर्थिंगमुळे सिग्नलमध्ये मिसळलेला गोंगाट, म्हणजे हम, ५० ला. दोघांत पाऊण हर्ट्झचाही फरक नाही. एका सेकंदाची नोंद घेतलीत तर दोन्ही एकाच शिखरात मिसळतात आणि माणसं कपलिंग खोलून बसतात. चार-पाच सेकंदांची सलग नोंद घ्या, दोन शिखरं वेगळी दिसतील. त्याहून सोपं म्हणजे मोटर थांबवा आणि पुन्हा वाचा. मोटर थांबल्यावरही ५० ला काही उरलं असेल तर ते कंपन नव्हे, वायरिंग आहे.

बेअरिंगचं गणित

बेअरिंगच्या प्रत्येक दोषाची फ्रिक्वेन्सी मापांवरून काढता येते. छोट्या मोटरींत सर्रास सापडणारं ६२०५ घ्या. त्यात नऊ गोळ्या असतात. बाहेरच्या रिंगला टवका उडाला तर शाफ्टच्या एका फेऱ्यात ३.५८५ ठोके पडतात, आतल्या रिंगला उडाला तर ५.४१५. मोटर १४४० आरपीएमने फिरत असेल तर अनुक्रमे ८६ आणि १३० हर्ट्झ. पण सुरुवातीला या ठिकाणी थेट काही दिसत नाही. प्रत्येक ठोक्याने हाउसिंग काही किलोहर्ट्झच्या आपल्या सुराने क्षणभर वाजतं आणि विझतं. म्हणून आधी तो वरचा पट्टा फिल्टरने वेगळा काढतात, मग त्याची चढउतार किती वेळा होते ते मोजतात. याला एन्व्हलप म्हणतात. तिथे ८६ आणि त्याच्या पटी दिसल्या की बाहेरची रिंग. सेन्सर मॅग्नेटवर असेल, रंगावर असेल किंवा ५५० हर्ट्झपर्यंतचाच असेल तर ही माहिती मुळातच पोचत नाही.

लोटे, महाड, रोह्यासारख्या रासायनिक पट्ट्यांत काम असेल तर सॉल्व्हंटच्या वाफांमुळे काही जागा झोनमध्ये, म्हणजे स्फोटाचा धोका असलेल्या भागात, मोडतात. तिथे प्रमाणपत्र असलेला इंट्रिन्सिकली सेफ, म्हणजे वाफ पेटेल एवढी ऊर्जाच बाहेर न पडू देणारा, सेन्सर आणि तारांवरची ऊर्जा रोखणारा बॅरिअरच लावायचा. घरी जुळवलेलं मॉड्यूल तिथे न्यायचंच नाही.

बर्फाच्या कारखान्यासाठी वर्षातला एक काळ फार महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात साधारण जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बर्फाला उठाव नसतो आणि यंत्रं बऱ्याच ठिकाणी उभी असतात. उभ्या बेअरिंगमध्ये गोळ्या एकाच जागी दोन महिने टेकलेल्या राहतात, दमट हवेत तिथे गंजाचे ठिपके पडतात. ऑगस्टमध्ये बोटी निघाल्या की कॉम्प्रेसर एकदम पूर्ण लोडवर जातो आणि ते ठिपके टवके होऊ लागतात. म्हणून बंदीच्या काळात आठवड्यातून एकदा शाफ्ट हाताने फिरवून ठेवा, दर वेळी वेगळ्या जागी थांबेल असा. मोटर चालू केल्यावर लोड स्थिर झाला की प्रत्येक बेअरिंगची नोंद घ्या, तारीख, लोड आणि सेन्सरची जागा लिहून. पुढची प्रत्येक नोंद त्याच जागी, तितक्याच लोडवर. वेगवेगळ्या लोडवरचे आकडे शेजारी ठेवले तर यंत्राबद्दल काहीच कळत नाही.

आणि बेअरिंग बदललंत तर जुनं भंगारात टाकू नका. कापून रिंगा सुट्या करा, टवका आतल्या रिंगला होता की बाहेरच्या ते बघा, फोटो काढा आणि त्या दिवसाच्या आलेखाला जोडून ठेवा.